नवं हृदय मिळालंय असं मानतो, मग त्यावर भरवसा का ठेवत नाही?

पाऊलवाट

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने होतं, कर्माने नाही, हे आपल्याला तोंडपाठ असतं. बायबलमधलं इफिसकरांस 2:8-9 झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पण तारणानंतरचं रोजचं जगणं? तिथे मात्र आपण गुपचूप हिशेब मांडून बसतो. आज वाचन झालं का, प्रार्थनेत मन लागलं का, कुणावर चिडलो का. दिवस बरा गेला तर देवासमोर मोकळेपणाने बसायचं, वाईट गेला तर तोंड चुकवायचं. गलतीकरांना प्रेषित पौलाने हेच खडसावून विचारलं होतं (3:3): आत्म्याने सुरुवात केलीत, आणि आता देहाने शेवटाला नेणार का?

एक दृश्य मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी अनेकदा पाहिलंय. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र खायची, भाकर हातोहात पुढे येते. कुणीतरी ताटाकडे बघतं, क्षणभर थांबतं आणि काही न घेता शेजारच्याकडे सरकवतं. मान खाली. आठवडा वाईट गेलेला असतो. आधार दिला जातो तो 1 करिंथकरांस 11:28 चा, आत्मपरीक्षणाचा. पण ते वचन शेवटपर्यंत वाचा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं तिथे आहे. परीक्षा करून उपाशी परत जावं असं नाही. करिंथमध्ये श्रीमंत लोक गरिबांची वाट न बघता खाऊन मोकळे होत होते, फटकार त्याबद्दल होती. खचलेल्या माणसाला मेजावरून उठवायला पौलाने ते लिहिलेलं नाही.

मला वाटतं या सगळ्याच्या मुळाशी एक अविश्वास आहे, आणि तो आपल्याला नम्रता वाटतो. यहेज्केल 36:26-27 मध्ये देव म्हणतो की तो दगडाचं हृदय काढून मांसाचं देईल आणि स्वतःचा आत्मा आत घालील. आपण त्याला आमेन म्हणतो. आणि मग आतून एखादी चांगली ओढ आली, क्षमा करावीशी वाटली, कुणासाठी काही करावंसं वाटलं, तर पहिला विचार येतो: यात माझाच काही स्वार्थ असणार. देवाने दिलेल्या हृदयाला आपण आयुष्यभर संशयित म्हणून वागवतो.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

बेरियाकर

धागा चांगला आहे. प्रभुभोजनाबद्दल पूर्ण सहमत. पण मुख्य मुद्द्याला माझा आक्षेप आहे.

यिर्मया 17:9. हृदय सर्वांत कपटी आहे, ते असाध्य रोगाने ग्रस्त आहे, त्याचा भेद कोणाला कळतो? नीतिसूत्रे 28:26 तर आणखी स्पष्ट आहे: जो आपल्या हृदयावर भिस्त ठेवतो तो मूर्ख. आणि हे फक्त जुन्या करारापुरतं आहे असं कुणी म्हणू नये. इब्री लोकांस पत्र 3:12 'बंधूंनो' अशी हाक मारून सांगतं की तुमच्यापैकी कोणाचंही हृदय अविश्वासाने दुष्ट होऊ नये म्हणून जपा. म्हणजे इशारा विश्वासणाऱ्यांना आहे.

आजूबाजूला 'मनाचं ऐका' असं सांगणारे कमी नाहीत. तेच सांगणं आपण वचनांची जोड देऊन मंडळीत आणत नाही ना, एवढीच काळजी.

पाऊलवाट

काळजी रास्त आहे. उत्तर थोडं लांबेल.

यिर्मयाचा 17 वा अध्याय नवव्या वचनापासून वाचायची आपल्याला सवय आहे. तो पहिल्या वचनापासून वाचा. यहूदाचं पाप लोखंडी लेखणीने, हिऱ्याच्या टोकाने, त्यांच्या हृदयाच्या पाटीवर कोरलेलं आहे असं तिथे म्हटलंय. पुसता येणार नाही असं कोरीव काम. नववं वचन त्या हृदयाबद्दल आहे. आता त्याच संदेष्ट्याचं 31:33 काढा. देव म्हणतो, मी माझं नियमशास्त्र त्यांच्या अंतर्यामी ठेवीन, त्यांच्या हृदयावर लिहीन. जागा तीच. जिथे पाप कोरलेलं होतं तिथेच आता देव स्वतः लिहिणार आहे. आणि इब्री लोकांस पत्र 8 व्या अध्यायात ही पूर्ण भविष्यवाणी उद्धृत करून सांगतं की तो करार येशूमध्ये आला. 10:16 मध्ये पुन्हा तेच.

मग 17:9 रद्द झालं का? नाही. ख्रिस्ताशिवायचं हृदय कसं असतं याचं ते आजही अचूक वर्णन आहे, आणि आपल्यात उरलेल्या जुन्या सवयींचंही. पण नवा जन्म झालेल्या माणसाबद्दल देवाला सांगायचं होतं ते सगळं 17:9 मध्ये संपतं, असं म्हटलं तर 31:33 कुठे ठेवायचं?

अनुवाद या पुस्तकातही हीच वाट दिसते. 10:16 मध्ये इस्राएलला आज्ञा आहे, आपल्या हृदयाची सुंता करा. 30:6 मध्ये देव म्हणतो की ती तोच करील. यहेज्केल 18:31 ला आज्ञा, स्वतःसाठी नवं हृदय घडवा. 36:26 ला वचन, मी देईन. आधी मागणी, मग ज्याने मागितलं तोच देतो. आणि हे वचन कुणाला मिळालं ते बघा. इ.स.पूर्व 597 मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या, सगळं गमावलेल्या लोकांमध्ये यहेज्केल बोलत होता. त्याच अध्यायाच्या 22 व्या वचनात देव स्पष्ट सांगतो की मी हे तुमच्यासाठी नाही, तर माझ्या पवित्र नामासाठी करतोय. त्यांची लायकी बघून काहीच दिलेलं नाही.

आणि 'मनाचं ऐका'शी याची गल्लत नको. ते सांगणारा म्हणतो, तू मुळातच ठीक आहेस. यहेज्केल म्हणतो, तू दगड होतास.

तेलवात

बेरियाकर यांचा आक्षेप डोक्याला पटतो, पण मी लिहितेय दुसऱ्या बाजूने.

मी अशा वातावरणात वाढले जिथे दर उपदेशाचा शेवट 'आपण किती कमी पडतो' इथेच व्हायचा. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण वर्षानुवर्षं ते ऐकून एक होतं. स्वतःच्या प्रत्येक प्रार्थनेवर पहारा बसतो. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना आतून आवाज येतो, आज सकाळी वचन वाचलं नाहीस, तुझं कोण ऐकणार? मग आधी स्वतःसाठी क्षमा मागायची, मग ती क्षमा मनापासून मागितली का ते तपासायचं, आणि तोवर ज्याच्यासाठी बसले होते तो आजारी माणूस बाजूलाच राहतो. खरं सांगते, त्या वेळी मी देवाकडे कमी आणि स्वतःकडे जास्त बघत असायचे.

मला मोकळं केलं ते इब्री लोकांस 4:16 ने. कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ, आणि कशासाठी? दया मिळावी आणि ऐन गरजेच्या वेळी साहाय्य मिळावं म्हणून. गरज आहे तेव्हाच जायचंय. गरज संपवून मग जायचं असतं तर राजासनाला कृपेचं म्हणालेच नसते.

नव्याने

मी नवीन विश्वासणारा आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर समजून घ्या.

नवं हृदय मिळालं असेल तर जुन्या गोष्टींची ओढ का राहते? बाप्तिस्म्यानंतर काही आठवडे वाटलं की सगळं गेलं. मग एका रात्री जुनी सवय अशी समोर आली की जणू कधी गेलीच नव्हती. तेव्हापासून एकच विचार छळतोय, माझं हृदय खरंच बदललंय का? आणि कृपा आहेच म्हटल्यावर माणूस सैल सुटणार नाही का?

द्राक्षवेल

नव्याने, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. दुसरा प्रश्न तर पौलाला त्याच्या हयातीतच विचारला गेला. रोमकरांस 6:1: कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? ज्या शिकवणीवर हा प्रश्न कधीच उठत नाही, ती पौलाची कृपेची शिकवण नसावी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि त्याचं उत्तर बघ. तो 'तसं केलंस तर कृपा काढून घेतली जाईल' असं म्हणत नाही. तो म्हणतो, जे पापाला मेलो ते आपण त्यात कसे राहू? म्हणजे तो माणसाला आठवण करून देतो की तो आता कोण आहे. तीताला पत्र 2:11-12 तर सांगतं की देवाची कृपा प्रकट झाली आहे आणि तीच आपल्याला अभक्ती सोडून नीतीने वागायला शिकवते. कृपा शिकवते! आपण समजतो कृपा माफ करते आणि शिस्त लावायला दुसरं कुणीतरी यायचं.

आता पहिला प्रश्न. गलतीकरांस 5:17 वाच. देहाची वासना आत्म्याविरुद्ध आणि आत्म्याची देहाविरुद्ध. ही झुंज आहे याचाच अर्थ आत दोन बाजू आहेत. तू आधी त्याच सवयीत होतास तेव्हा कोण झुंजत होतं? त्या रात्रीनंतर तू अस्वस्थ झालास, इथे येऊन अनोळखी माणसांना विचारलंस, ती अस्वस्थता कुठून आली? दगडाला टोचत नाही रे.

पण एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. सवय शरीरात रुजलेली असेल, व्यसनाच्या जातीची असेल, तर मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला सांग, आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे जा. नवं हृदय मिळालं म्हणून मदत घेऊ नये असं वचन कुठेच सांगत नाही. याकोब 5:16 एकमेकांजवळ पातकं कबूल करायला सांगतो, ते उगाच नाही.

जुना वाचक

इतिहासातली एक नोंद देतो, नव्याने यांना उपयोगी पडेल.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची 24 मे 1738 ची साक्ष बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. लंडनमध्ये ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत कुणीतरी रोमकरांस पत्रावरची लूथरची प्रस्तावना वाचत होतं आणि वेस्लीला आपलं हृदय विलक्षण उबदार झाल्यासारखं वाटलं. उपदेशात गोष्ट इथेच थांबते. पण त्याच्या रोजनिशीत पुढची नोंद आहे. थोड्याच वेळात मनात शंका आली की हा विश्वास असूच शकत नाही, कारण आनंद कुठे आहे? आणि घरी परतल्यावर त्याच रात्री मोहांनी त्याला पुन्हा पुन्हा गाठलं. तो देवाचा धावा करायचा, ते पळायचे, परत यायचे. फरक काय पडला तेही त्याने लिहिलंय: आधी तो झगडायचा आणि कधी कधी हरायचा, आता प्रत्येक वेळी जिंकत होता.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी आठवतं. बाप्तिस्मा 1883 चा. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतः साक्षीत सांगितलंय. इतकी प्रखर बुद्धीची, शास्त्रं कोळून प्यालेली बाई. नियम, मतं, कर्तव्यं सगळं हाताशी होतं. तरी त्या थांबल्या नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

रोमकरांस 7 वरून वाद होणार हे दिसतंच आहे, म्हणून आधीच सांगतो. 'जे करावंसं वाटतं ते करत नाही' म्हणणारा माणूस विश्वासणारा की विश्वासापूर्वीचा, यावर थोरामोठ्यांचं एकमत नाही. प्राचीन मंडळीतला थोर शिक्षक ऑगस्टीन यानेही स्वतःचं मत आयुष्यात बदललं. आधी तो म्हणायचा की हा नियमशास्त्राखालचा माणूस, नंतर म्हणाला की विश्वासणाराच. वेस्लीचं मत 'नियमशास्त्राखालचा माणूस' या बाजूचं.

बेरियाकर

पाऊलवाट, यिर्मया 17:1 आणि 31:33 ची जोडी मी अशी कधी शेजारी ठेवून वाचली नव्हती. त्याबद्दल आभार.

तरी एक अडचण उरते. हृदय नवं झालं हे मान्य. पण एखाद्या क्षणी आतून जे येतंय ते नव्या हृदयातून येतंय की जुन्या देहातून, हे ओळखायचं कसं? पेत्राचंच घ्या. प्रेषितांची कृत्ये 15:9 मध्ये तो स्वतः सांगतो की देवाने परराष्ट्रीयांची, म्हणजे यहूदी नसलेल्यांची, हृदयं विश्वासाने शुद्ध केली. आणि गलतीकरांस 2 मध्ये तोच पेत्र अंत्युखियात, याकोबाकडची माणसं आल्यावर, परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून दूर झाला. लोकांना भिऊन. त्याला त्या क्षणी वाटलंही असेल की मी सावधपणे, शहाणपणाने वागतोय. बर्णबासुद्धा त्याच्यामागे ओढला गेला. पौलाने तोंडावर विरोध केला नसता तर? नवं हृदय मिळालेला, पेंटेकॉस्टला उपदेश केलेला प्रेषित, आणि तरी त्याला बाहेरून सांगणारा लागला.

पाऊलवाट

हे उदाहरण फार चांगलं दिलंत. आणि ते मला माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध वाटत नाही. पौलाने पेत्राला काय सांगितलं बघा. तुझं हृदय मुळातच कपटी आहे, तुझ्याकडून दुसरी अपेक्षा काय, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, तू सुवार्तेच्या सत्याला धरून नीट चालत नाहीस. म्हणजे जे तुझ्यात आधीच खरं आहे त्याच्याशी तुझं पाऊल जुळत नाहीये. त्याच बोलण्याच्या ओघात 2:20 येतं: ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. दुरुस्ती झाली, पण ती आत जगणाऱ्या ख्रिस्तावर भरवसा ठेवून झाली.

ओळखायचं कसं, यावर माझ्याकडे सूत्र नाही. पण एक अनुभव बहुतेकांना असेल. कुणीतरी दुखावणारं बोललेलं असतं. तुम्ही झणझणीत उत्तर लिहिता. शब्द अचूक, प्रत्येक मुद्दा खरा. बोट 'पाठवा'वर टेकतं आणि आत काहीतरी अडतं. त्या अडण्यात धमकी नसते. 'हे पाठवलंस तर देव तुला बघून घेईल' असं ते म्हणत नाही. उलट, समोरच्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. त्या क्षणी दोन्ही बाजू हजर असतात. राग म्हणतो पाठव, तो खराच आहे, तोही माझाच आहे. पण ते अडणंही माझंच आहे, आणि आम्हाला शिकवलं गेलं की राग तेवढा 'खरा मी' आणि अडणं म्हणजे बाहेरून लादलेली शिस्त. मी म्हणतो, उलटं आहे. ख्रिस्तामध्ये ते अडणं हा खरा मी आहे. रोमकरांस 7:22 मधला माणूसही तेच म्हणतो, अंतर्यामी मी देवाच्या नियमशास्त्राने हर्षित होतो.

वचनाशी ताडून बघणं, भावाबहिणींना विचारणं, थांबणं, हे सगळं हवंच. त्याला मी भरवशाच्या विरुद्ध मानत नाही. ज्या आत्म्याने हृदयात लिहिलं त्यानेच शास्त्र दिलं, दोघांत भांडण लागणार नाही. आतली ओढ वचनाच्या उलट जात असेल तर ती नव्या हृदयाची नव्हे, इतकं तर नक्की म्हणता येतं.

शांतकिनारा

सगळं वाचलं. लिहू की नको असं चाललं होतं.

तुम्ही ओढ, अडणं, अस्वस्थता यांबद्दल बोलताय. माझ्या आत सध्या काहीच नाही. गेले काही महिने नैराश्यावर औषधं चालू आहेत. प्रार्थनेला बसते तर शब्द कोरडे. गाणी ऐकते तर काही हलत नाही. तुमच्या हिशेबाने माझं हृदय परत दगड झालं का?

द्राक्षवेल

नाही. ताई, नाही.

एलीया कर्मेल डोंगरावरून उतरला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला (1 राजे 19). देवाने त्याला काही भावना वाटतेय का ते विचारलं नाही. दूताने त्याला उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं, कारण वाट फार लांबची होती. आधी शरीराची सोय, बोलणं नंतर. औषधं त्याच भाकरीसारखी समजून घ्या, आणि बंद करू नका.

आणि 1 योहान 3:20 तुमच्यासाठीच आहे. आपलं हृदय आपल्याला दोषी ठरवत असेल, तर देव आपल्या हृदयापेक्षा थोर आहे आणि तो सगळं जाणतो. या धाग्यात आपण हृदयावरच्या भरवशाबद्दल इतकं लिहिलं, पण तो भरवसा शेवटी हृदय देणाऱ्यावर आहे. ज्या महिन्यांत हृदय काहीच सांगत नाही, त्या महिन्यांतही देणारा बदलत नाही. तुम्हाला प्रार्थना करता येत नसेल तर करू नका असं मी म्हणणार नाही, पण रोमकरांस 8:26 वाचा. आपण यथायोग्य प्रार्थना करायला जाणत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तिथे शब्द आपले नसतातच.

तेलवात

शांतकिनारा, मी तुम्हाला वैयक्तिक निरोप पाठवलाय. उत्तर द्यायची घाई नाही, नाही दिलं तरी चालेल. मी रोज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहे, आणि सकाळी वचन वाचलेलं असो वा नसो, करणार आहे.

पाऊलवाट

शांतकिनारा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ओढीबद्दल जे आहे त्यात एक भर घालतो, ती तुमच्यामुळे सुचली. यहेज्केल 36 मध्ये नवं हृदय दिल्यावर लगेच 27 व्या वचनात देव म्हणतो, मी माझा आत्मा तुमच्या ठायी घालीन आणि तुम्ही माझ्या नियमांप्रमाणे चालाल असं मी करीन. त्या सगळ्या उताऱ्यात 'मी करीन, मी देईन, मी शुद्ध करीन' असंच चाललंय. भावनेबद्दल लोकांना काही अट घातलेली नाही.

नव्याने

द्राक्षवेल, तुमचा प्रतिसाद वाचला. मंडळीतल्या एका काकांना काल सगळं सांगितलं, त्या रात्रीसकट. मला वाटलं होतं ते उपदेश करतील. त्यांनी फक्त विचारलं की आता दर बुधवारी भेटायचं का. हो म्हटलंय.

एक विचारायचं राहिलं. या रविवारी प्रभुभोजन आहे. मी घेऊ ना?

बेरियाकर

घे. 1 करिंथकरांस 11:28, शेवटपर्यंत वाचून घे.